वैजंताबाईंचा पुढचा दात

वैजंताबाई गुरवांचा वरचा पुढचा दात चाळीसेक वर्षांपूर्वीच मेला होता. हे त्यांना कळलं वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तालुक्याच्या दंत रुग्णालयात, खुर्चीत आडवं पडल्यावर.

“मेलाय म्हंजे?” त्या उठूनच बसल्या. “मग इतकी वर्सं माज्या तोंडात ऱ्हातोय कोण?”

डॉक्टर सानिका परचुरे खळखळून हसली. पुण्यात लहानाची मोठी झालेली, तिशीची पोरगी. पेशंट बोलायला लागला की हातातलं काम थांबवून ऐकायची. एवढ्या एका गोष्टीवर वैजंताबाईंनी तिला पहिल्याच भेटीत पास करून टाकलं होतं.

“लहानपणी कधी तोंडावर आपटला होतात का, ताई?”

“नागपंचमीला, झोक्यावरनं. दुसरीत व्हते.”

“मग तेव्हाच गेला तो.” सानिकानं पडद्यावर दाताचं चित्र फिरवून दाखवलं. दाताच्या पोटात एक बारीक नळी असते. तिच्यात एक रक्तवाहिनी आणि एक नस. मुळाच्या टोकाच्या भोकातून दोघी आत येतात. एक दाताला खाऊपिऊ घालते, दुसरी त्याला गार-गरम सांगते. लहान मुलाचा दात हिरडीबाहेर आला तरी त्याचं मूळ पुरं व्हायला आणखी दोन-तीन वर्षं जातात. वैजंताबाईंचं मूळ अर्धवट असतानाच त्या झोक्यावरून पडल्या, आतली वाहिनी तुटली आणि वाढ थांबली. भिंती अंड्याच्या कवचासारख्या पातळ राहिल्या आणि टोक उघडंच राहिलं. बाहेरून दात शाबूत, नुसता जरा पिवळट. आता त्या उघड्या टोकाशी पू धरला होता, म्हणून ओठ सुजून वर आला होता.

“मग ते रूट कनाल का काय करत्यात, ते करा की.”

“नेहमीच्या रूट कॅनालमध्ये नळी साफ करून आत रबरासारखा मसाला ठासतात. तुमच्या दाताला बूडच नाही, मसाला खाली निघून जाईल. आणि या भिंती ठासणं सोसणार नाहीत. दात काढला, तर पुवानं तिथलं हाड इतकं खाल्लंय की स्क्रूचा दात बसायला जागा उरलेली नाही. काढघालीची कवळी मात्र बसेल.”

वैजंताबाई देवळात सनई वाजवायच्या. कवळीवर सनई वाजत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या सासऱ्यांची सनई त्यांच्या दातांबरोबरच गेली होती. सनईची पत्ती ओठांत धरायची असते, आणि ओठाला मागून आधार असतो पुढच्या दातांचा. तो आधार हलला की वारा फुसकन निसटतो आणि सुराचं वाटोळं होतं.

आणि सनई गेली की वैजंताबाईंकडे उरणार काय? हिवरतळच्या भैरोबाची सेवा गुरवांच्या चार घरांत वाटलेली होती, प्रत्येक घराला वर्षातून काही महिन्यांची पाळी. पाळीच्या घरानं पहाटेच्या पूजेला सनई वाजवायची. त्यातल्या तीन घरांत आता फुंकणारं माणूसच उरलं नव्हतं, पोरं सगळी चाकणला आणि हिंजवडीला. त्यांच्या पाळीला देवळात समितीनं आणलेली, आपोआप सनई वाजवणारी यंत्राची पेटी लागायची. पेटी भलतीच हुशार होती. पूजा कुठवर आली ते बघून सूर लांबवायची, आटपायची. तंटा नको म्हणून भाऊकीनं एक ठरावही करून ठेवला होता. घरच्या माणसाच्या फुंकीनं पाळीची पहिली पहाट झाली नाही, तर त्या घराचा मान पेटीकडे जाणार, आणि पेटीकडे गेलेला मान परत मागायचा नाही. जिवंत सनई एकट्या वैजंताबाईंच्या घरात उरली होती. सासऱ्यांनी मुलांना सोडून सुनेला शिकवली म्हणून गाव तेव्हा हसलं होतं. पुढे तेच गाव सनई ऐकायला थंडीत कांबळं पांघरून येऊन बसू लागलं. त्यांची पाळी मार्गशीर्षात लागणार होती, आणि आता नुकते गणपती बसले होते.

“तिसरी वाट न्हाई का?” त्यांनी विचारलं.

सानिकानं खुर्ची जवळ ओढली. “आहे. ती इथं सुरू करायची होती, म्हणून तर ही बदली मी मागून घेतली.”

तिसरी वाट अशी होती. अक्कलदाढेच्या पोटात काही मूळपेशी असतात. त्यांच्यापासून नस, वाहिनी, दाताची भिंत, काहीही घडू शकतं. पन्नाशीतल्या माणसात त्या पेशी सुस्तावून पडलेल्या असतात, म्हणून पूर्वी हा उपचार फक्त लहान मुलांना मिळायचा. मग त्या पेशींना खडबडून उठवणारा रासायनिक निरोप सापडला आणि म्हाताऱ्या दातांचंही नशीब उघडलं. अक्कलदाढ काढायची, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या. मेलेल्या दाताची नळी धुऊन काढायची आणि त्या पेशी पेरलेला मऊ रस तिच्यात भरायचा. मग मुळाच्या उघड्या टोकातून नवी रक्तवाहिनी वर चढते, तिच्यामागून नस येते, आणि पेशी आतून भिंतींना लिंपण घालतात.

“मेल्यालं जित्तं हुतंय?”

“दातापुरतं.”

वैजंताबाईंनी हात जोडले. ते देवाला की डॉक्टरला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

दाढ काढायच्या आधी रुग्णालयातलं यंत्र पेशंटशी गोड आवाजात बोलायचं. रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या, रक्त पातळ करायचं औषध घेता का, मधुमेह आहे का, मागे भूल दिल्यावर कधी त्रास झाला का. वैजंताबाई पोलिसांना जबाब द्यावा तशा एकेक उत्तर देत गेल्या.

“आपण तंबाखू, गुटखा, सिगारेट किंवा विडीचे सेवन करता का?”

“शिव शिव शिव!” वैजंताबाई यंत्रावर डाफरल्या. “देवाची शेवा हाय माज्याकडं. तसलं काय बी न्हाई.”

यंत्रानं धन्यवाद दिले. मग आपल्या फिरत्या ब्रशानं दात घासून पुसून पांढरे केले आणि शेवटी बजावलं, “शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तोंडाची स्वच्छता काटेकोरपणे राखावी. यश त्यावरच अवलंबून आहे.”

हे वाक्य वैजंताबाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं.

त्यांच्या घरात स्वच्छ तोंडाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकच होता. पहाटे उठायचं, मागच्या दारी पायरीवर बसायचं, आणि डबीतली काळी मशेरी बोटावर घेऊन दात नि हिरड्या चांगल्या खसखसून चोळायच्या. त्याशिवाय सनईला ओठ लावायचा नाही. सासूबाईंचं तसं होतं, आणि थोरल्या जावेचं, इंदुबाईंचंही. इंदुआक्का सत्तरीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धाकट्या जावेच्या संसारात त्यांनी आपला संसार मिसळून टाकला होता. वैजंताबाईंचा नवरा कंपनीतून महिन्याकाठी एकदा यायचा. एरवी घरात या दोघीच. दिवसभर चुलीपासून गोठ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर दोघींची धुसफूस चालायची, पण पहाटेच्या पायरीवर मशेरी लावत बसल्या की भांडण मिटायचं. तोंडात बोट असताना भांडता येत नाही, हेही त्याचं कारण असेल. बोलणं व्हायचं ते तिथंच, गळ्याच्या तळातून, अर्धवट शब्दांत, आणि एकमेकींना सगळं कळायचं. मशेरी आक्काच भाजायच्या, खापरावर, मंद जाळावर. त्यांच्या हातची मशेरी आळीतल्या बायका मागून न्यायच्या.

“डाक्टरीणबाई म्हणली, तोंड साफ पायजे,” वैजंताबाईंनी सांगितलं.

“मग दोन येळला लाव,” आक्का म्हणाल्या. त्यांनी जावेसाठी मुद्दाम बारीक दळून वेगळी डबी भरली.

दाढ निघाली. पहिल्या दिवशी गालावर बर्फ, तोंडात कापसाचा बोळा, आंबील आणि गार मऊ भात. चूळ जोरात भरायची नाही, नळीनं काही ओढून प्यायचं नाही. तोंडात ओढ लागली तर खळग्यातली रक्ताची गुठळी सुटते आणि उघड्या हाडाला अशी कळ लागते की बाळंतपण परवडलं. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या. वैजंताबाईंनी सगळं शिस्तीत केलं.

“अक्कलदाढ दिऊन आली,” आक्का आळीत सांगत सुटल्या. “आदीच काय लई व्हती!”

*

नवरात्रात दाताचं काम झालं. भुलीची सुई टोचली तेवढीच काय ती कळली. सानिकानं दातामागून केसाएवढं भोक पाडलं. चाळीस वर्षांची घाण धुऊन काढली, औषध भरून जंतू मारले, आणि पुढच्या खेपेला त्या नळीत वैजंताबाईंच्याच पेशींचा गुलाबी रस सोडला. तिचे हात इतके सावकाश आणि नेटके चालत होते की वैजंताबाई तोंडाचा आ करून, वर टांगलेल्या आरशात ते बघतच राहिल्या. हा हात सनईवर असता तर बाईनं गाव वेडं केलं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

शेवटी सानिकानं दातामागे तांदळाच्या कणीएवढी एक चकती चिकटवली. रुग्णालयात सगळे तिला टिकली म्हणत. टिकलीतून दातात मंद उजेड शिरायचा. आत रक्त वाहू लागलं की उजेडाचा रंग बदलायचा आणि टिकली नाडीच्या ठेक्यावर लाल लुकलुकायची. तो उजेड दातातून झिरपून समोरून आरशातही दिसायचा आणि डॉक्टरच्या पडद्यावरही.

“टिकली लुकलुकेपर्यंत सनई बंद,” सानिका म्हणाली. “नवी वाहिनी कोळ्याच्या धाग्यासारखी असते. फुंकरीचा दाब बसला तर तुटेल. आणि एकदा तुटली की पुन्हा रस भरता येणार नाही, या भिंती दुसरी खेप सोसणार नाहीत. चावताना पुढचा दात वापरू नका. ओठ सुजेल, दोन दिवसांत उतरेल. बाकी काय, तोंडाची स्वच्छता.”

“त्यात कसूर हुनार न्हाई,” वैजंताबाईंनी वचन दिलं.

आणि खरंच कसूर झाली नाही. मशेरी पहाटे, मशेरी दुपारी, मशेरी निजताना. दाताच्या मागे, टिकलीच्या कडेकडेनं, बोटाच्या पेरानं अगदी हळुवार.

ओठाची सूज उतरली, पू आटला, दुखणं पार गेलं. टिकली मात्र पांढरी ती पांढरीच. दिवाळी आली. ज्यांचे दात त्याच आठवड्यात भरले होते, त्यातल्या बहुतेकांच्या टिकल्या लुकलुकू लागल्या होत्या. एका शाळामास्तरांची तर इतकी जोरात की ते वर्गात तोंड उघडून पोरांना दाखवायचे. वैजंताबाई रोज आरशापुढे ओठ वर करून उभ्या राहायच्या. दुपारी सनई मांडीवर घेऊन नुसती बोटं फिरवायच्या. बोटांना सगळं आठवत होतं, वारा तेवढा नव्हता. देवळातून दुसऱ्या घराच्या पाळीची पेटी ऐकू यायची. कधी धाप लागत नाही, कधी खोकला येत नाही. ऐकताना त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

सानिकालाही चैन नव्हतं. तिनं औषध बदललं, रक्त तपासलं, पुण्याच्या गुरूंना चित्रं पाठवली. कुणालाच काही सापडेना.

“पाळी कधी लागते?” तिनं विचारलं.

“मार्गशीर्ष लागला की.”

सानिकानं बोटांवर दिवस मोजले. “वैजंताताई, तुमच्या गावचं पाणी बघायला येऊ? बोअरमध्ये काही क्षार असतील तर कळेल.”

*

ती आली ती सकाळी सकाळीच, पाण्याच्या नमुन्यांसाठी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन. वैजंताबाई गोठ्यात होत्या. दारात डॉक्टर बघून इंदुआक्कांची तारांबळ उडाली. त्यांनी कांबळं अंथरलं, चहाला आधण ठेवलं आणि मग रीतीप्रमाणे विचारलं, “तोंड धुतलंसा न्हवं, बाई?”

“नाही हो आजी. घाईत तशीच निघाले.”

आक्कांना ते बरंच वाटलं. पाहुणी आपल्या घरी तोंड धुणार. त्या लगबगीनं आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणला आणि आपली नवी भरलेली डबी उघडून पाहुणीपुढे धरली. “घ्या. वैजीसाठी बारीक दळलीया, तीच हाय. टोचायची न्हाई.”

सानिकानं डबीत बघितलं. वास घेतला. चिमूट उचलून बोटांत चोळली, पुन्हा वास घेतला आणि तशीच कांबळ्यावर बसली.

“आजी, हे काय आहे?”

“मशेरी. दात घासायची.”

“कशाची करतात?”

“तंबाकू भाजायची न् दळायची. काय अवघड न्हाई. तुमास्नी देते की बांधून.”

गोठ्यातून हात पुसत आलेल्या वैजंताबाई दारातच थांबल्या.

“ताई,” सानिकाचा आवाज एकदम बारीक झाला, “तुम्ही हे लावता?”

“लावते की. दिसातनं तीन येळा. तुमीच म्हणलासा, तोंड साफ ठेवा म्हणून. एक बी वेळ चुकवली न्हाई.”

सानिका डोक्याला हात लावून बसली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. वैजंताबाईंना काही उमगेना.

“तंबाखू आहे ना हा, ताई. त्यातलं निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं आणि बारीक वाहिन्या आवळून धरतं. पाण्याच्या पाइपवर पाय द्यावा तसं. तुमची वाहिनी मुळाशी येत असणार, चढू बघत असणार, आणि दिवसातून तीनदा तिच्यावर पाय पडतोय.”

“पर मी तंबाकू खात न्हाई! यंत्रानं इचारलं तवा खरंच सांगितलं मी. ही तर तोंड धुयाची…” वैजंताबाईंचं वाक्य तिथंच अडलं. तंबाखू त्यांनी स्वतः बाजारातून आणली होती. भाजताना घरभर दरवळली होती, आणि इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या मनात ते दोन पदार्थ एक झाले नव्हते.

“तुमची चूक नाही,” सानिका म्हणाली. “मशेरीबद्दल आमच्या पुस्तकात एक ओळ होती. परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरले. यंत्रानं विचारलं नाही, ते राहू दे. पण मीही विचारलं नाही. मला वाटलं, हे सगळं कधीच संपलंय.”

शिकलेल्या माणसानं, तेही डॉक्टरनं, दुसऱ्याच्या ओसरीवर बसून ‘मी चुकले’ म्हटलेलं वैजंताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या पोरीबद्दलचा आदर त्यांच्या मनात दुप्पट झाला.

आक्कांच्या हातातली डबी मात्र उघडीच राहिली होती. “म्हंजे मीच घातला व्हय खोडा?” त्या पुटपुटल्या. “एवढी बारीक दळून?”

सगळ्यांचा चहा गार झाला.

*

त्या दिवसापासून वैजंताबाईंची मशेरी सुटली. सुटली म्हणायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, कुत्र्यावर खेकसायच्या, भाकरी करपायच्या. ब्रशवरची पेस्ट त्यांना पोरांच्या गोळीसारखी गोड लागायची. सगळ्यात वाईट म्हणजे तोंड धुतल्यासारखंच वाटायचं नाही. उष्ट्या तोंडानं देवापुढून जावं तसं त्या देवळावरून मान खाली घालून जायच्या.

आक्कांनीही सोडायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी सोडायचं सोडून दिलं. सत्तरीच्या बाईनं साठ वर्षांची सवय टाकायची म्हणजे काय चेष्टा आहे? मग वास जावेपर्यंत जाऊ नये म्हणून त्या गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीआड लपून मशेरी लावायला लागल्या. मागची पायरी ओस पडली. दोघी एकाच घरात राहून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. भांडण नव्हतं. बोलायची जागाच गेली होती. एका पहाटे वैजंताबाईंना ते सोसेना. त्या उठल्या आणि सरळ गंजीआड जाऊन आक्कांशेजारी बसल्या.

“जा तिकडं,” आक्का तोंडातल्या बोटाआडून म्हणाल्या. “वास लागंल दाताला.”

“वासानं काय हुत न्हाई. डाक्टरीणबाईला इचारलंय फोनवर.”

विचारलं बिचारलं काही नव्हतं. पण त्या बसल्या आणि आक्का सरकल्या.

टिकली पांढरीच होती. कार्तिक सरला. पाळीच्या आदल्या सकाळी भाऊकीतले दीर, समितीचे रंगराव गुरव, निरोप घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. पेटीचं काम अंगावर घेतलेलं, एवढंच.

“वहिनी, उद्या काय करायचं? पेटी लावू, का तुमी येताय?” त्यांनी चाचरत विचारलं. “नुसती पहिलीच पहाट फुंका. ठराव तेवढाच हाय. एकदा फुंकल्यानं काय दात पडतोय का?”

वैजंताबाईंनी सानिकाला फोन लावला.

“आत वाहिनी चढतेय की नाही, मला अजून दिसत नाही,” सानिका म्हणाली. “चढत असेल तर ती आत्ता सगळ्यात नाजूक आहे. मी डॉक्टर म्हणून नको म्हणेन. पण ताई, त्या पाळीचं मोल मला काय कळणार? तुम्ही फुंकलंत तर मी रागावणार नाही. जे काय होईल ते दोघी मिळून बघू.”

वैजंताबाई सनई घेऊन ओसरीवर बसल्या. उद्या फुंकली तर मान राहतो, पण कदाचित पुढच्या वर्षी फुंकायला दात राहत नाही. नाही फुंकली तर दात राहील, वाजवायला देऊळ राहणार नाही. सासऱ्यांनी सुनेला शिकवलं ते एवढ्यासाठी? सनई ओठांपर्यंत नेली. पत्ती ओठाला टेकली. अंगात भूक लागावी तसा वारा उभा राहिला. त्यांनी डोळे मिटले आणि सनई खाली ठेवली.

“न्हाई फुंकत, भावजी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. “पोरीनं एवढा जीव लावलाय ह्या दाताला. माज्याच्यानं न्हाई व्हायचं.”

रंगराव उठले. “मग पेटीचं सांगतो.”

“थांबा की वाईच.” आतून इंदुआक्का आल्या. “ठराव काय हाय? घरच्या मानसाची फुंक. आसंच हाय का न्हाई?”

“व्हय.”

“मग मी काय शेजारची हाय?”

उठलेले रंगराव परत बसले. सनईवाल्याच्या मागे एक जण नुसता सूर धरून बसतो. लांब सनईतून एकच स्वर, मध्ये खंड पडू न देता, शेवटपर्यंत. त्याच्यावर मुख्य सनई खेळते. त्या घरातला सूर इतकी वर्षं आक्काच धरत आल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी कधी बघितलंही नव्हतं.

“पर थोरल्या वहिनी, तुमास्नी चाल येती का?”

“चाल न्हाई येत. सूर येतोय.”

*

पहिल्या पहाटे देऊळ भरलं होतं. वैजंताबाईंची सनई नाही ही बातमी गावभर झाली होती आणि आता काय होतंय ते बघायला माणसं कांबळी गुंडाळून आली होती. आक्का खांबाला टेकून बसल्या. गाल फुगवले, आणि सूर लावला.

एकच स्वर. त्याच्यावर काही नाही. थोडा घोगरा, म्हाताऱ्या छातीतून निघालेला. पुजाऱ्यानं देवाला स्नान घातलं, गंध लावलं, फुलं वाहिली आणि सूर तसाच चालू होता. आक्का नाकानं वारा घेत होत्या, गालातला सोडत होत्या, मधे कुठेही तुटू देत नव्हत्या. सुरुवातीला दोन-तीन पोरं खुदखुदली. मग सगळं देऊळ शांत झालं. इतकी वर्षं ज्याच्यावर सगळं उभं होतं ते आज पहिल्यांदा उघड्यावर ऐकू येत होतं. वैजंताबाई आक्कांकडे बघत होत्या, त्यांच्या कपाळावरच्या तटतटलेल्या शिरेकडे, थरथरत्या गालांकडे. या बाईशी आपण तीस वर्षं चुलीवरून भांडलो, याची त्यांना लाज वाटली आणि अभिमानानं ऊर भरून आला.

पूजा संपली तेव्हा आक्कांना धरून उठवावं लागलं. रंगरावांनी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पेटीचं नाव कुणी काढलं नाही.

आक्का रोज जाऊ लागल्या. थंडी कडक पडत गेली आणि देऊळ रोज भरत गेलं. अशाच एका पहाटे, पूजा झाल्यावर, पुजाऱ्यानं वैजंताबाईंच्या ओंजळीत तीर्थ घातलं. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी, बर्फासारखं. त्यांनी ते तोंडात घेतलं आणि किंचाळून ओठांवर हात दाबला.

सगळे वळले. आक्का सनई टाकून धावल्या. “काय झालं गं? वैजे! काय झालं?”

वैजंताबाईंचे डोळे विस्फारले होते. पुढच्या दातातून एक बारीक, लखलखीत कळ सरळ वर कपाळात गेली होती. त्या सात-आठ वर्षांच्या असल्यापासून त्या दाताला गार लागलं नव्हतं. त्यांनी पुजाऱ्यापुढे पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा पाणी तोंडात घेतलं, पुन्हा कळ आली.

“दुकतंय आक्का,” त्या हसत होत्या आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. “आगं, लई दुकतंय!”

आक्कांनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून समईच्या उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं ओठ वर उचलला. दातामागे काहीतरी लाल लुकलुकत होतं, अगदी मंद, पण ठेक्यात.